रंगमंचावरील शोकांतिका आणि रुपेरी पडदा

५ नोव्हेंबर १८४३ रोजी सांगली येथे विष्णुदास भावे यांनी 'सीतास्वयंवर' हा आख्यानप्रयोग सादर केला आणि मराठी रंगभूमीचा आरंभ झाला, असे आपण मानतो. या प्रयोगामागची प्रेरणा मात्र कानडी मुलखातून आली होती. कर्नाटकातील भागवत मंडळींचे खेळ सांगलीच्या दरबारात झाले, ते पाहून चिंतामणराव पटवर्धनांनी भाव्यांना तसाच खेळ मराठीत रचण्यास सांगितले. बिदर-कलबुर्गीच्या सीमाभागातील मराठी वाचकास ही गोष्ट मुद्दाम सांगावी लागत नाही. कोळारच्या पंचक्रोशीत मराठी, कन्नड, दख्खनी उर्दू आणि तेलुगू या चारही भाषा एकाच बाजारात ऐकू येतात. एका भाषेतील कथा दुसऱ्या भाषेत, एका कलेतील आशय दुसऱ्या कलेत कसा जातो, हे येथील माणूस रोजच्या व्यवहारात अनुभवीत असतो. रंगभूमीवरील थोर शोकांतिका चित्रपटात गेल्या तेव्हा त्यांचे काय झाले, या प्रश्नाचा विचार म्हणूनच या भूमीवरून करणे उचित ठरेल.

शोकांतिका हा प्रकार आपल्याकडे परंपरेने आलेला नाही. संस्कृत नाट्यशास्त्राने करुण रसाला मानाचे स्थान दिले. परंतु नाटकाचा शेवट नायकाच्या सर्वनाशात व्हावा, हे त्यास मान्य नव्हते. भासाच्या 'ऊरुभंग'मध्ये दुर्योधनाचा मृत्यू रंगमंचावर घडतो, तो अपवाद म्हणूनच उल्लेखिला जातो. ॲरिस्टॉटलने वर्णिलेली शोकांतिका निराळी आहे. तिचा नायक दुष्ट नसतो, तसा निर्दोषही नसतो. त्याच्या हातून एक प्रमाद घडतो आणि त्या प्रमादातून त्याचा विनाश ओढवतो. प्रेक्षकाच्या मनात करुणा आणि भय या दोन्ही भावना एकदम जाग्या होतात. नुसती करुणा उरली तर ती दुःखकथा झाली. भयही उरले तरच ती शोकांतिका. हा भेद ध्यानात ठेवला नाही तर पुढील विवेचनाचा धागा हाती लागणार नाही.

मराठीत हा प्रकार आला तो मुख्यत्वे शेक्सपिअरच्या मार्गाने. गोपाळ गणेश आगरकरांनी १८८३ साली 'हॅम्लेट'चे 'विकारविलसित' केले. गोविंद बल्लाळ देवलांनी १८९० साली 'ऑथेल्लो'वरून 'झुंझारराव' रचले. शाहूनगरवासी नाटक मंडळीच्या गणपतराव जोशी यांनी या भूमिका अशा रंगविल्या की इंग्रजी न येणाऱ्या प्रेक्षकासही हॅम्लेट हा आपलाच माणूस वाटू लागला. पुढे राम गणेश गडकरी यांचे 'एकच प्याला' १९१९ साली, त्यांच्या निधनानंतर अवघ्या काही आठवड्यांत, गंधर्व नाटक मंडळीने रंगभूमीवर आणले. गणपतराव बोडसांचा सुधाकर आणि बालगंधर्वांची सिंधू पाहून प्रेक्षागृहे रडली. परकीय साच्याची शोकांतिका मराठी घराच्या ओटीवर येऊन बसल्याचा तो क्षण होता.

मूकपटातील पहिले पाऊल

मराठी नाटक आणि चित्रपट यांचे नाते बोलपटापूर्वीचे आहे. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर यांचे 'कीचकवध' १९०७ साली रंगभूमीवर आले. त्यातील कीचकात प्रेक्षकांना लॉर्ड कर्झन दिसला आणि १९१० साली सरकारने नाटकावर बंदी घातली. त्याच नाटकाच्या आधाराने कोल्हापूरच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीचे बाबूराव पेंटर यांनी १९२० साली 'सैरंध्री' हा मूकपट काढला. येथे एक विलक्षण प्रकार घडला. नाटकावर बंदी आली ती त्यातील शब्दांमुळे. मूकपटात शब्दच नव्हते, पण कीचकाच्या वधाचे दृश्य इतके प्रत्ययकारी झाले की त्यावर कात्री चालली. शब्दाची भीती वाटणाऱ्या राजवटीस आता दृश्याचीही भीती वाटू लागली. १९३३ साली प्रभात कंपनीने व्ही. शांताराम यांच्या दिग्दर्शनाखाली 'सैरंध्री' पुन्हा, या वेळी रंगीत स्वरूपात, आणला.

'कीचकवध' ही काटेकोर अर्थाने शोकांतिका नव्हे. परंतु माध्यमांतराचा पहिला धडा त्यातच मिळतो. रंगमंचावर नट जे सांगतो ते पडद्यावर दाखवावे लागते, आणि दाखविले की त्याचा परिणाम पालटतो. १९३५ साली सोहराब मोदी यांनी 'खून का खून' या नावाने हॅम्लेट पडद्यावर आणला, तेव्हा त्यांनी उर्दू रंगभूमीवरील प्रयोगच जवळजवळ जसाच्या तसा चित्रित केला. नाटक छायाचित्रित केले म्हणजे चित्रपट होत नाही, ही जाणीव त्यानंतरच्या पिढ्यांना क्रमाक्रमाने होत गेली.

न्यायालयाचा खेळ आणि माणसांची भिंत

१९७० नंतरच्या दशकात मराठी नाटकांवरून जे चित्रपट निघाले, त्यांत दोन कृतींचा निर्देश आवश्यक आहे. विजय तेंडुलकर यांचे 'शांतता! कोर्ट चालू आहे' १९६७ साली रंगभूमीवर आले. सुलभा देशपांडे यांनी त्यातील लीला बेणारे साकारली. हौशी नटांचा एक संच गंमत म्हणून अभिरूप न्यायालय मांडतो आणि पाहता पाहता तो खेळ एका अविवाहित शिक्षिकेची शिकार होऊन जातो. शेवटी आरोपीस बोलण्यासाठी दहा सेकंदांची मुदत मिळते. सारी पात्रे जागच्या जागी थिजतात आणि बेणारेचे दीर्घ स्वगत सुरू होते. वास्तवात ती काही बोललीच नाही, असेही त्या रचनेतून सूचित होते. १९७१ साली सत्यदेव दुबे यांनी यावर चित्रपट केला. पटकथा तेंडुलकरांचीच होती, बेणारे सुलभा देशपांडेच होत्या आणि छायालेखन गोविंद निहलानी यांचे होते.

लेखक तोच, नटी तीच. तरी कृती निराळी झाली. याचे कारण प्रेक्षकाच्या जागेत आहे. नाट्यगृहातील प्रेक्षक त्या सभागृहातील बंद दारामागे बेणारेबरोबर कोंडला जातो. तोही त्या खेळास हसलेला असतो, म्हणून अपराधी ठरतो. कॅमेरा मात्र बेणारेच्या चेहऱ्याजवळ जातो आणि प्रेक्षकास तिच्या बाजूला नेऊन बसवितो. करुणा वाढते, पण स्वतःच्या सहभागाचे भय काहीसे उणे होते. हा लाभ आहे की हानी, याचे उत्तर प्रत्येक रसिकाने स्वतःपुरते द्यावे. परंतु बदल होतो याविषयी संशय नाही.

तेंडुलकरांचेच 'घाशीराम कोतवाल' १९७२ साली जब्बार पटेल यांच्या दिग्दर्शनाखाली पुण्यात रंगमंचावर आले. त्यातील ओळीने उभ्या राहणाऱ्या ब्राह्मणांची मानवी भिंत हा त्या प्रयोगाचा प्राण होता. ती भिंत कधी पडदा होते, कधी देऊळ, कधी क्रूर जमाव. घाशीराम सूडासाठी स्वतःच्या मुलीचा, गौरीचा, बळी देतो आणि अखेरीस त्याच जमावाकडून मारला जातो. त्याचा प्रमाद आणि त्याचा विनाश यांच्यातील दुवा अगदी स्पष्ट आहे. १९७६ साली मणी कौल, के. हरिहरन, सईद मिर्झा, कमल स्वरूप आदी तरुणांच्या सहकारी संघाने या नाटकावर चित्रपट केला. मोहन आगाशे यांच्या नानासमोर ओम पुरी घाशीराम म्हणून उभे राहिले. हा चित्रपट सर्वसामान्य प्रेक्षकांपर्यंत फारसा पोहोचला नाही. मानवी भिंतीची किमया रिकाम्या रंगमंचावर अवलंबून असते. तेथे काहीच नसते, म्हणून दहा माणसे काहीही होऊ शकतात. पडद्यावर खरा वाडा आणि खरी वाट उपलब्ध असताना त्या कल्पकतेची जागा दुसऱ्या कशाने भरावयाची, ही अडचण प्रत्येक नाट्याधारित चित्रपटासमोर उभी राहते.

लिअर ते बेलवलकर

या साऱ्या इतिहासात सर्वाधिक विचार करावयास लावणारे उदाहरण 'नटसम्राट'चे आहे. वि. वा. शिरवाडकर यांनी यापूर्वी 'मॅक्बेथ'वरून 'राजमुकुट' आणि नंतर 'ऑथेल्लो' अशी शेक्सपिअरची रूपांतरे केली होती. 'किंग लिअर'च्या बाबतीत मात्र त्यांनी रूपांतराचा मार्ग सोडला. लिअरच्या दुःखाचे बीज घेऊन त्यांनी निवृत्त नट गणपतराव बेलवलकर निर्माण केला. गोवा हिंदू असोसिएशनने हे नाटक २३ डिसेंबर १९७० रोजी रंगभूमीवर आणले. दिग्दर्शन पुरुषोत्तम दारव्हेकर यांचे होते, डॉ. श्रीराम लागू गणपतराव, तर शांता जोग कावेरी होत्या. १९७४ साली या नाटकास साहित्य अकादमीचा पुरस्कार लाभला.

शिरवाडकरांनी मुळात केलेले बदल पाहण्यासारखे आहेत. लिअर मुलींकडून प्रेमाची जाहीर कबुली मागतो आणि त्या मोबदल्यात राज्य वाटतो. बेलवलकर काहीच मागत नाही. तो उदारपणे सर्वस्व मुलांना देऊन टाकतो. वरवर पाहता हा प्रमाद नव्हेच. परंतु आयुष्यभर टाळ्यांवर जगलेल्या माणसाने घरातही टाळ्यांचीच अपेक्षा धरावी, संसाराच्या चार भिंतींतही आपण रंगमंचावरच आहोत असे मानावे, हा त्याचा दोष आहे. लिअरला पत्नी नाही. शिरवाडकरांनी बेलवलकरला कावेरी दिली. तिला तो 'सरकार' म्हणतो. मूळ नाटकातील कॉर्डेलियाची निष्ठा येथे एका पात्रात राहत नाही. ती कावेरी, नात ठमी आणि रस्त्यावरचा बूटपॉलिशवाला राजा यांच्यात विभागली जाते. रक्ताच्या मुलांनी नाकारलेल्यास परक्या पोराने आसरा द्यावा, ही योजना मराठी मनास इतकी भिडली की लिअरची आठवण नसलेल्या प्रेक्षकासही हे नाटक आपल्या घरचे वाटले.

डॉ. लागूंनंतर दत्ता भट, सतीश दुभाषी, यशवंत दत्त, चंद्रकांत गोखले, उपेंद्र दाते अशा अनेक नटांनी ही भूमिका केली. प्रत्येकाचा बेलवलकर निराळा होता, आणि तसा तो असणेच नाटकाच्या प्रकृतीस धरून होते. नाटकाची संहिता ही गाण्याच्या बंदिशीसारखी असते. गळा बदलला की राग तोच राहतो, पण विस्तार पालटतो.

महेश मांजरेकर दिग्दर्शित 'नटसम्राट' हा चित्रपट १ जानेवारी २०१६ रोजी प्रदर्शित झाला. नाना पाटेकर गणपतरावांच्या आणि मेधा मांजरेकर कावेरीच्या भूमिकेत होत्या. मूळ नाटकात नसलेले एक पात्र चित्रपटात आले : गणपतरावांचा मित्र आणि स्पर्धक नट रामभाऊ. विक्रम गोखले यांनी ही भूमिका केली. शिरवाडकरांचे अभ्यासक या बदलाकडे साशंकतेने पाहतील; परंतु मुळाकडे गेले तर त्यात एक नकळत घडलेला न्याय दिसतो. शेक्सपिअरच्या नाटकात लिअरच्या जोडीला ग्लॉस्टरचे उपकथानक आहे. एक वृद्ध दुसऱ्या वृद्धाच्या दुःखाचे प्रतिबिंब होतो आणि त्यामुळे ते दुःख एका घराचे न राहता मानवी अवस्थेचे होते. शिरवाडकरांनी रचना आटोपशीर करण्यासाठी ते उपकथानक गाळले होते. पडद्यावरील रामभाऊ ग्लॉस्टर नव्हे. तरी दोन म्हाताऱ्या नटांच्या भेटीत जी दुहेरी करुणा उमटते ती लिअरच्याच कुळातील आहे.

हानीही झाली, हे नमूद केलेच पाहिजे. शेक्सपिअरच्या काळातील रंगमंचावर लिअरचे वादळ दिवसाउजेडी, केवळ शब्दांतून उभे राहत असे. बेलवलकरची घराची याचनाही रंगमंचावर अशीच उभी राहते. समोर बसलेल्या प्रेक्षकालाच तो ती करतो आणि त्या क्षणी घर असलेला प्रत्येक माणूस खुर्चीत अवघडतो. चित्रपटातील याचना पडद्याच्या आतील जगाला उद्देशून होते. अंधारात बसलेला प्रेक्षक तिचा साक्षीदार राहतो, प्रतिवादी होत नाही. त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, चित्रपट पाहून परतणाऱ्यांच्या तोंडी मुलांच्या कृतघ्नतेची निंदा अधिक असते आणि गणपतरावांच्या हेकट, शिवराळ, दुसऱ्यास जागा न देणाऱ्या स्वभावाची चर्चा कमी. मुलगा-सून, मुलगी-जावई हे केवळ खलपात्र ठरले की शोकांतिकेचे भय नाहीसे होते. 'आपण असे बाप होऊ' ही धास्ती जाऊन 'आजकालची मुले अशीच' हा सुस्कारा उरतो. हा दोष सर्वस्वी चित्रपटाचा नव्हे. नाटकाच्या प्रेक्षकांनीही तो केला आहे. मात्र संहिता हाती असलेला वाचक मागची पाने उलटून सुनेची बाजू पुन्हा वाचू शकतो.

'नटसम्राट'च्या अवघे काही आठवडे आधी, १२ नोव्हेंबर २०१५ रोजी, सुबोध भावे दिग्दर्शित 'कट्यार काळजात घुसली' प्रदर्शित झाला होता. १९६७ सालचे हे मूळ नाटक 'नटसम्राट'चे पहिले दिग्दर्शक दारव्हेकर यांनीच लिहिले होते, पं. जितेंद्र अभिषेकी यांचे संगीत आणि वसंतराव देशपांडे यांचे खाँसाहेब यांनी ते अमर केले. त्यास शुद्ध शोकांतिका म्हणता येणार नाही. तथापि ईर्ष्येने ग्रासलेल्या थोर कलावंताचा अंतर्दाह हा त्याचा गाभा शोकात्मच आहे. एकाच माणसाच्या हातून रंगमंचावर गेलेल्या दोन कृती पन्नास वर्षांच्या आत-बाहेर एकाच हिवाळ्यात पडद्यावर याव्यात, हा योगायोग मराठी रसिकाने विसरू नये.

सीमेपलीकडचे लिअर

'नटसम्राट'ची कथा मराठीपुरती राहिली नाही. २०१८ साली गुजरातीत जयंत गिलाटर यांनी त्याच नावाचा चित्रपट केला. सिद्धार्थ रांदेरिया त्यात मुख्य भूमिकेत होते. २०२३ साली कृष्णवंशी यांचा तेलुगू 'रंगमार्तांड' आला. प्रकाश राज यांनी त्यात वृद्ध नट रंगविला आणि विनोदी नट म्हणून विख्यात असलेले ब्रह्मानंदम् यांनी मित्राची गंभीर भूमिका केली. म्हणजे इंग्रजी लिअर नाशिकला शिरवाडकरांच्या लेखणीतून मराठी झाला, मुंबईत चित्रपट झाला आणि तेथून तेलुगू होऊन बिदरच्या पूर्वेकडील मुलखात पोहोचला. या प्रवासात शेक्सपिअरचे उपकथानक जसे परतले, तसा मराठी संहितेतील काव्याचा बराचसा भाग मागे राहिला. भाषांतरात घटना सहज जातात, स्वगते अडखळतात.

जगाच्या इतर भागांतही हेच घडले आहे. जपानच्या अकिरा कुरोसावा यांनी १९५७ साली 'मॅक्बेथ'वरून 'थ्रोन ऑफ ब्लड' केला तेव्हा शेक्सपिअरचे शब्द बाजूला ठेवून नो या जपानी नाट्यप्रकाराची निश्चल मुद्रा स्वीकारली. १९८५ सालच्या 'रान'मध्ये त्यांनी लिअरच्या मुलींच्या जागी मुलगे आणले. रशियाच्या ग्रिगोरी कोझिंत्सेव यांनी लिअरभोवती भटक्या भिकाऱ्यांचे तांडे उभे केले. हिंदीत विशाल भारद्वाज यांनी 'मकबूल' (२००३), 'ओंकारा' (२००६) आणि 'हैदर' (२०१४) ही त्रयी निर्माण केली. 'हैदर'चा शेवट मुळाहून वेगळा आहे. नायक सूड हाती आलेला असताना काकाला न मारता निघून जातो. येथे दिग्दर्शकाने शोकांतिकेशी वाद घातला आहे, आणि तो वाद प्रामाणिक आहे. कारण तो प्रेक्षकास दिलासा देण्यासाठी नव्हे, तर सूडाच्या साखळीविषयी प्रश्न विचारण्यासाठी घातला आहे. यावरून एक कसोटी हाती लागते. मुळाशी एकनिष्ठ राहणे म्हणजे प्रवेशामागून प्रवेश चित्रित करणे नव्हे. मुळातील भय कायम राखणे ही खरी निष्ठा होय.

ग्रंथालयाचे उत्तरदायित्व

चित्रपटाने शोकांतिकेवर केलेले उपकार अमान्य करण्याचे कारण नाही. मुंबई-पुण्याचे व्यावसायिक नाटक ज्या गावांपासून दूर आहे, तेथे बेलवलकर पडद्यामुळेच पोहोचला. निजामी राजवटीत उर्दू आणि १ नोव्हेंबर १९५६ च्या राज्यपुनर्रचनेनंतर कन्नड ही राज्यकारभाराची भाषा असलेल्या या भागात मराठी टिकून राहिली ती घरातील बोलण्यात, कीर्तन-भजनात आणि वाचनालयाच्या कपाटात. भालकी, बसवकल्याण, हुमनाबाद, आळंद या बाजूच्या तरुणाने मोबाइलच्या पडद्यावर 'नटसम्राट' पाहिला आणि त्याच्या मनात मूळ नाटकाविषयी कुतूहल जागे झाले, तर ते शमविण्याचे ठिकाण गावातील ग्रंथालयाशिवाय दुसरे कोणते असणार?

चित्रपट एकदा पूर्ण झाला की त्यात बदल होत नाही. त्यातील नटाचा चेहरा पुढील पिढ्यांसाठी कायमचा ठरून जातो. गणपतराव जोशींचा हॅम्लेट पाहिलेले आज कोणी नाही. त्याचे एक हलते चित्र आपल्याजवळ असते तर ते अमोल ठरले असते, यात शंका नाही. तथापि नाटकाची छापील प्रत दुसरी एक गोष्ट करते : ती प्रत्येक वाचकास नट आणि दिग्दर्शक बनविते. बेलवलकरचा आवाज कसा असावा, सुनेच्या बोलण्यात तिरस्कार किती आणि थकवा किती, कावेरी कोठे गप्प राहते, हे सारे वाचकास स्वतः ठरवावे लागते. ठरविता ठरविता तो त्या घरातील प्रत्येकाच्या जागी काही काळ उभा राहतो. शोकांतिका माणसाला जे शिकविते ते याच जागी.

म्हणून ज्या ग्रंथालयाने 'एकच प्याला', 'झुंझारराव', 'नटसम्राट' यांच्या जीर्ण प्रती पुन्हा बांधून घेऊन कपाटात ठेवल्या, त्याने केवळ जुनी पुस्तके सांभाळली असे होत नाही. उद्या कोणी नवा दिग्दर्शक, कदाचित मराठीत, कदाचित कन्नडमध्ये, या कथांकडे वळेल. तेव्हा आधीच्या चित्रपटाची नक्कल करावयाची की मुळाशी जाऊन नव्याने विचार करावयाचा, हे त्याच्या हाती मूळ संहिता येते की नाही यावर ठरेल. पडदा उजळो आणि विझो. संहिता वाचणारे डोळे शाबूत असतील तोवर बेलवलकर पुन्हा उभा राहील, आणि दर वेळी आपल्यालाच आपल्या घराचा जाब विचारील.